बंद पेडलची राखण

जाफराबादच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवणारा धम्मपाल तसा गुणी माणूस, पण संशय त्याच्या पाचवीलाच पुजलेला. जोशाच्या गाण्यात तो पायाशी ठेवलेलं पेडल, म्हणजे गिटारच्या वायरीत जोडलेला आवाज बदलणारा डबा, दाबायचा, की गिटार वाघासारखी गुरगुरायची. शांत गाण्यात पेडल बंद केलं, की आवाज मात्र घोंगडीखालून आल्यासारखा दबका यायचा.

"तो साउंडवाला बिभीषणच माझा आवाज दाबून राह्यला," तो घरी येऊन चरफडायचा. पेडलवर त्याला शंका कशी यावी? त्यावरचा लाल दिवा विझला म्हणजे डबा मेला, असं त्याचं पक्कं मत. शेवटी त्यानं बायकोला, अक्षताला, बिभीषणाच्या साउंड मिक्सरपाशी राखणीला बसवलं.

"त्यांनी तुमच्या बटणाला हात बी लावला न्हाई," ती दर वेळी सांगायची.

"चहा पाजून फितवलं असंल तुला," हा उलट तिच्यावरच घसरायचा.

वाटूरच्या कार्यक्रमात पेडलची बॅटरी संपली आणि गिटार मुकीच झाली. घाईघाईत त्यानं पेडल काढून गिटारची वायर थेट ॲम्प्लिफायरला जोडली. पुढचं गाणं शांत होतं. पहिलीच तार काचेसारखी खणखणली! त्यानं चमकून मिक्सरकडं बघितलं. बिभीषण हाताची घडी घालून उभा होता. म्हणजे पेडल बंद असतानाही आवाज त्याच्या पोटातूनच जात होता, आणि तेच त्याची धार खात होतं.

गाणं संपल्यावर अक्षता खुर्ची घेऊन स्टेजपाशी आली.

"अवं, चोर तर तुमच्याच पायाखाली निघाला. मंग आता तुमच्या डोस्क्याच्या राखणीला कुणाला बसवायचं?"