खानापूरकडचा चिलगोजा

त्या वेळी आमची प्लाटून वायव्य सरहद्दीवर, झोबच्या डोंगरातल्या एका पिकेटवर, म्हणजे टेहळणीच्या चौकीवर होती. मी अनगोळचा, साधा शिपाई. लान्स नायक परशराम खानापूरकडचा. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायचं, मग चहा, मग दगडी भिंतीची डागडुजी. समोर नाला, पलीकडे चिलगोज्याचं रान. चिलगोजा म्हणजे तिकडच्या पाइनच्या बोंडातलं लांबट, गोड बी.

आदल्या दिवशी आमच्यावर गोळीबार झाला होता. सकाळी सहाला झाडांत माणसं हलताना दिसली. प्रत्येकाच्या हातात लांब काहीतरी होतं. सुभेदारसाहेबांनी हुकूम दिला, "लोड!" आम्ही नेम धरला.

"थांबा साहेब," परशराम म्हणाला. "रायफली न्हाईत त्या. आकडीच्या काठ्या हाईत. आमी आंबं काढतो तसल्या."

"खात्री?"

"व्हय. जाऊन बगतो."

"चुकलास तर?"

"मग तुमी हायसाच की."

रायफल माझ्या हातात देऊन तो मोकळ्या हातांनी नाल्यात उतरला. दहा मिनिटांनी तो पलीकडून एक हिरवं बोंड उंच धरून हलवताना दिसला. झाडांखाली बायका-पोरंही होती. सुभेदारसाहेब "अनलोड" म्हणाले.

परशराम आला तो हाताला डिंक घेऊन. तिथल्या म्हाताऱ्याशी मोडक्या हिंदुस्तानीत गप्पा मारून आला होता.

"बोंड उमलायच्या आत काढत्यात, न्हाय तर बी गळतंय. आन झाड धरायला निम्मं आयुष्य जातंय म्हणं. आज्यानं राखायचं, नातवानं खायचं. आपल्या फणसावाणीच की रं!"

आठ दिवसांनी रस्त्याच्या बंदोबस्तावर होतो. टेकडीवरून माघार घेताना पुन्हा गोळीबार सुरू झाला; सगळ्यांत शेवटी उतरणारा परशराम होता. त्याच्या फायरच्या आडोशाने आम्ही सगळे खाली पोचलो. तो पोचला नाही.

दुसऱ्या सकाळी तोच म्हातारा पिकेटच्या तारेपाशी आला. चिलगोज्यांची पिशवी ठेवली, हात छातीशी नेला आणि निघून गेला.

रजेवर मी त्यातले मूठभर परशरामच्या आईकडे नेले. सगळं सांगितलं. तिनं एक बी उचलून निरखून पाहिलं.

"फळ कवा धरतंय?"

"लई वर्सं लागत्यात, मावशी."

"लागू देत. लाव."

मी तिच्या परसात बी लावलं, पण आमच्याकडच्या पावसात ते कुजलं. मावशीनं त्याच खड्ड्यात फणसाची आठळी लावली. आज ते झाड बुंध्यापासून लगडतं. माझ्या पेटीत पदकं आहेत, पण पाहुणा आला की मी त्याला हे झाड दाखवायला नेतो, छाती काढून. परशरामच्या गावात त्या झाडाला कुणी फणस म्हणत नाही. पोरं आईला ओरडून सांगतात, "चिलगोज्याखाली खेळतोय गं!"