पेडल घट्ट झालं तेव्हा

पेठच्या घाटात आमची जुनी पांढरी गाडी थांबता थांबेना. ब्रेकचं पेडल दगड झालेलं. दोन्ही पाय देऊन जवळजवळ उभीच राहिले, तेव्हा कुठे पुढच्या टेम्पोच्या वीतभर मागे थांबली. घरी येऊन सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "आई, गाडीला काय झालं नाय. तुझ्या पायात जोर न्हाई राहिला. आता बास कर चालवणं."

गाडी नवी होती तेव्हाही पेडल असंच घट्ट झालं, तर त्याच्या बापानेही हेच ऐकवलं होतं, "बाईमाणसाच्या पायाला जोर तो किती!" आणि मी महाशहाणी! ते खरं मानून दिवसभर जिना चढायचे-उतरायचे, मेथीचे लाडू चापायचे. जोर आला नाही, अंग तेवढं आलं. पुढे पेडल त्यांच्याच पायाखाली अडलं, तेव्हा कुठे ब्रेकला जोर पुरवणारा बूस्टर गेलेला निघाला. 'तुझं खरं होतं' असं मला कुणी म्हटलं नाही. मी काय केलं? सगळ्यांना चहा टाकला! ती तेव्हाची बाई, म्हणजे मीच, आज भेटली तर तो चहा तिच्या हातून काढून मोरीत ओतीन.

चहा देता देता मिस्त्रीने बूस्टरची घेतलेली परीक्षा मात्र बघून ठेवली होती. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबायचं, मग दाबून धरून इंजिन सुरू करायचं. बूस्टरला इंजिनाची ओढ मिळत असेल, तर पेडल जरासं खाली जातं.

मी सांगितलं तसं मुलाने सकाळी अंगणात केलं. पेडल गेलं खाली.

"बघ!"

"थंड इंजिनावर काय बघतोस, राव? घाटात तापलेलं होतं. ओझरपर्यंत जाऊन ये. हळू जा पण."

परत आला तेव्हा इंजिन तापलेलं. पुन्हा तीच परीक्षा केली, पेडल हललंच नाही. बॉनेट उघडलं, तर बूस्टरकडे जाणारी नळी पार चपटी. जुनी चिरली म्हणून यानेच टोमॅटोच्या रानातली ठिबकची नळी कापून तिथे बसवली होती. तापली की ती मऊ पडायची आणि इंजिनाच्या ओढीने मिटायची.

"दिसती तर तशीच," तो पुटपुटला.

"दिसती ना. पाण्याला झकास हाय."

दुपारी नवी नळी बसली, पेडल हलकं झालं. मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने ती खिशात टाकली.

"नळीचं सोड, आई. वय बघ तुझं. कुठं जायचं ते सांग, मी सोडतो की."

घोडेगावला जायचंय, हे तेव्हापासून सांगते आहे. त्याला सवड नाही. गाडी दारात उभी आहे, ब्रेक अगदी ठीक.