जुडीचा टाक

"मेल्याबिगर कुनी सवतीचा टाक करीत न्हाई, हे मला शिकवायलात का तुमी?" कमलबाई चुलीपुढून म्हणाल्या. "पर ती मेली न्हाई, हे तुमाला कुठं ठावं हाय?"

"मेली असं तरी कुठं ठावं हाय?" दिनकरराव ओसरीवरून ओरडले. "जित्या बाईचा टाक करायलीस तू. तिकडं तिचं काही बरंवाईट झालं म्हंजी?"

"बघा! अजून जीव तुटायलाय."

"जीव कशाचा तुटतो? माणुसकीनं बोलायलोय."

"गळ्यात घालून आलात आन् मागं वळून बघितलं न्हाई. तवा कुठं गेलती माणुसकी?"

"माय, हळू," अंबिका म्हणाली. ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. "रस्त्यावर ऐकू जायलंय."

"जाऊ दे. आज न्हाई उद्या सोयऱ्यायला सांगावंच लागनार हाय, की पोरीची माय दुसरेपणाची हाय म्हणून."

एवढं बोलून कमलबाईंनी तव्यावरची भाकरी अशी उलथली की ती मोडली.

दुसरेपणाची बायको असली की मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक करून गळ्यात घालायचा, सणावाराला त्याला आधी हळदकुंकू वाहायचं आणि मग स्वतःला लावायचं, ही आमच्या भागातली जुनी रीत आहे. चारठाण्यात असा टाक घातलेल्या बाया अजून दोन-तीन सापडतील. पण त्यांच्या सवती पालमच्या, पोखर्णीच्या, फार तर हिंगोलीकडच्या. कमलबाईंची सवत अमेरिकेतली होती, आणि तिचं नाव जुडी होतं.

टाक जिंतूरच्या बन्सीधर सोनाराकडे घडायला दिला होता. "लुगडं नऊवारी दाखवू का पाचवारी?" असं त्यानं विचारलं, तेव्हा कमलबाईंनी सांगितलं, "घेरदार परकर दाखवा, पोटऱ्यापोतर. आन् केसाची वर बांधलेली शेपटी." बन्सीधरनं मान वर करून पाहिलं, पण घर जुन्या गिऱ्हाइकाचं, म्हणून तसंच वहीत लिहून घेतलं. मग नामांतराच्या बंदमुळं जिंतूरची दुकानं मिटली, एसटी बंद पडली, आणि टाक त्याच्याकडेच राहिला. घरात भांडायला तेवढी सवड मिळाली.

दिनकररावांचं अमेरिकेला जाणं साऱ्या गावाला माहीत होतं. एकोणसाठ साली, लग्नाआधी, तरुण शेतकऱ्यांना तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरी राहायला पाठवायच्या एका योजनेत त्यांचा नंबर लागला. सहा महिने ते कॅन्सास नावाच्या मुलखात गव्हाच्या शेतीवर राहिले. जाण्याआधी कमलबाईंशी साखरपुडा झालेला होता. आल्यावर महिन्याभरात लग्न झालं, आणि काळ्या रानात औतामागं चालता चालता अमेरिका मागं पडली. उरल्या त्या तीनच गोष्टी. ट्रंकेत पांढऱ्या कातड्याचे बूट, जे चारठाण्याच्या चिखलात कधीच घातले नाहीत. भिंतीवर त्या घरच्या माणसांसोबतचा फोटो. आणि तोंडात काही चाली. शब्द विसरले होते, चाली राहिल्या होत्या. पेरणीला ते त्याच गुणगुणायचे. बैलांनाही त्या सवयीच्या झाल्या होत्या.

पारावरची पोरं त्यांना छेडायची. सिनेमात चिलीम ओढणारे, जटा वाढवलेले गोरे पाहून यायची आणि विचारायची, "काका, तुमी बी दम मारला का तिकडं?"

दिनकरराव भडकायचे. "ते जटावाले मागून आले रे! माझ्या वक्ताला तिथली पोरं पंधरा दिवसाला केस कापायची. तेल लावून कोंबड्याच्या तुऱ्यावानी पुढं उचलायची. मास्तरला सर म्हणायची. दुकानात हे एवढं कपाटावानी यंत्र असायचं, रंगीत दिव्याचं. पैसा टाकला की आतला हात आपसूक तबकडी उचलायचा आन् गानं लावायचा. पोरं सरबत पीत ऐकत बसायची. दारूचा थेंब न्हाई."

"आन् पोरी?"

"पोरी बी होत्या," म्हणून ते उठून जायचे.

भिंतीवरचा फोटो चोवीस वर्षं सगळ्यांनी पाहिला होता. मधे दिनकरराव, एका बाजूला मालक-मालकीण, दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी. यंदा परभणीला कमलबाईंना चष्मा लागला. चष्मा लावून त्यांनी घर पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी वाशांवरची जळमटं दिसली, मग फोटो. मुलीच्या गळ्यात साखळी होती, आणि साखळीत अंगठी.

"अवो, हे काय हाय हिच्या गळ्यात?"

दागिना आहे म्हणाले असते तर मिटलं असतं. पण दिनकररावांना ते जमलं नाही. खाली बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

शाळेच्या मोठ्या खोलीत नाचाचा कार्यक्रम होता. दारात सगळ्यांनी जोडे काढले. वर रंगीत कागदांच्या माळा होत्या. भिंतीला धरून वडीलधारी मास्तर-मास्तरणी उभी होती. तबकडीवर गाणं लागलं, पोरं-पोरी पायमोज्यांवर नाचायला लागली, बाकीचे गोल करून टाळ्या वाजवत होते. मालकाच्या पोरानं कानात सांगितलं, माझ्या बहिणीसोबत, जुडीसोबत, नाचायचं तर तिला तुझी अंगठी दे, सगळे देतात. दिनकररावांनी बोटातली अंगठी काढून दिली. साखरपुड्यात सासऱ्यानं घातलेली, लाल खड्याची. जुडीनं ती साखळीत ओवली आणि सगळ्यांसमोर गळ्यात घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"जोडे काढलेले, वर माळा, वडीलधारे उभे, गळ्यात घातलं, टाळ्या झाल्या," दिनकरराव म्हणाले होते. "भटजी तेवढा नव्हता. मला घाम फुटला. मी म्हनलं, झालं आपलं."

"मंग?"

"मंग निघायच्या दिवशी, बस लागल्यावर, तिनं गळ्यातनं काढून माझ्या हातावर ठेवली. हसली. आन् गेली."

बाईनं स्वतःच्या हातानं गळ्यातलं उतरवलं. तेही हसत. ते हसणं दिनकररावांनी चोवीस वर्षं तळतळाट म्हणून ऐकलं होतं. अंगठी बोटात घालायची हिंमत झाली नाही. बोटीवर हात धुताना समुद्रात पडली, असं त्यांनी घरी सांगितलं आणि ती पांढऱ्या बुटाच्या टोकात दडवली.

कमलबाई तेव्हा रडल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी वेगळं ताट वाढून घेतलं, आणि ट्रंकेला पुन्हा हात लावला नाही. अंबिकाची दोन स्थळं तोवर मोडली होती. जिंतूरच्या ज्योतिषानं सांगितलं, "घराला एका बाईचा तळतळाट आहे." तो हे सगळ्यांनाच सांगायचा. पण कमलबाईंना आता त्या बाईचं नाव माहीत होतं. टाक करा, तिच्या नावानं तिच्याच कुळातली सवाष्ण जेवू घाला, असा उपाय निघाला.

पण खरं त्यांना सलत होतं ते वेगळंच. ते त्यांनी फक्त अंबिकाजवळ बोलून दाखवलं. "लोकायच्या लग्नात हळद दळायला मला पुढं करतात. पयलेपणाची बायको म्हणून. मी पयली हाय का न्हाई, एवढं मला कुनीतरी सांगा."

आजच्या भांडणात मोडलेली भाकरी ताटलीत टाकून त्यांनी नवा उंडा घेतला, तेव्हा अंबिका म्हणाली, "माय, आमच्या कॉलेजात अमेरिकेहून एक बाई आल्यात, महिनाभर शिकवायला. डोरिसबाई. त्यांना चारठाण्याची मंदिरं बघायचीत. आपल्या घरी आणू का?"

अंबिका परभणीला कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकत होती. कमलबाईंचा हात थांबला.

"नवरा हाय का तिला?"

"आहे."

"मंग आन. सवाष्ण म्हणून जेवू घालते. तिच्याच कुळातली हाय."

"अमेरिका म्हंजी एक कूळ हाय का?" दिनकरराव म्हणाले.

"तुमी बोलूच नका."

रविवारी विद्यापीठाच्या जीपमधून डोरिसबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, जाड, केस बारीक कापलेल्या, पायात कापडी बूट. मंदिरं पाहून दमून ओसरीवर टेकल्या. कमलबाईंनी पाटाभोवती रांगोळी काढून त्यांना पुरण वाढलं. त्या चवीनं जेवल्या, कटाच्या आमटीनं डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागून घेतली. जेवण झाल्यावर कमलबाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. मग त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून थेट बाईंच्या मांडीवर ठेवला आणि अंबिकाला म्हणाल्या, "इचार. ह्या पोरीच्या गळ्यात काय हाय, आन् त्याचा तुमच्यात अर्थ काय, सगळं इचार."

दिनकरराव उठून दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.

डोरिसबाईंनी फोटो पाहिला आणि खो खो हसल्या. मग भराभर बोलत सुटल्या. अंबिका सांगू लागली, "त्या म्हणतायत, हे आमच्या लहानपणीचं खूळ. मुलगा मुलीला अंगठी द्यायचा. म्हणजे तेवढ्या दिवसांपुरतं ती त्याच्याचसोबत नाचणार, बाकीच्यांनी मधे यायचं नाही. मुलाची अंगठी बोटाला ढिली व्हायची म्हणून साखळीत घालायच्या. सुट्टी संपली की परत."

"लगीन न्हाई?"

अंबिकानं विचारलं. डोरिसबाईंनी दोन्ही हात हलवले.

"नाही म्हणतायत. लग्न चर्चमध्ये, सह्या करून. ह्याला काहीच अर्थ नाही."

"मंग जोडे कामून काढले?" दिनकरराव दारातून म्हणाले. पुन्हा हेच त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

डोरिसबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "दादा," अंबिका वडिलांकडे वळली, तिलाही हसू आवरेना, "ती खोली चेंडू खेळायची होती. लाकडी जमिनीवर बुटांचे ओरखडे पडतात म्हणून मास्तर जोडे बाहेर काढायला लावायचे."

दिनकरराव उंबऱ्यावर बसले.

कमलबाईंना एवढ्यानं पुरलं नाही. "तुमी सोता घातल्या का अशा?"

डोरिसबाईंनी तीन बोटं दाखवली. मग विचार करून चौथं वर केलं.

"आन् नवरा त्यातला कोनता?"

"त्यातला एकही नाही म्हणतायत."

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. हसतायत की काय ते कळेना. मग पदर काढून शेवटचं विचारलं, "ह्या पोरीनं हसत परत दिली. त्याचा अर्थ?"

ह्यावर डोरिसबाई सावकाश बोलल्या. अंबिकानंही सावकाश सांगितलं. "चिडलेली मुलगी अंगठी परत देत नसे. नदीत फेकायची. हसत हातावर ठेवली, म्हणजे उन्हाळा छान गेला, जा सुखानं."

उंबऱ्यावरून दिनकररावांचा मोठा श्वास ऐकू आला. तिफण खाली ठेवल्यावर माणूस सोडतो, तसा.

डोरिसबाईंनी त्यांना काहीतरी विचारलं आणि चुटक्या वाजवत एक चाल धरली. दिनकररावांनी ती ओळखली. बैलांनीही ओळखली असती. त्यांनी बायकोकडे पाहिलं, चपला काढल्या, आणि शहाबादी फरशीवर दोन पावलं पुढं, एक मागं, गुडघा वळवून असं करून दाखवलं. धोतराचा सोगा सावरताना तोल गेला, तेव्हा खांब धरला.

"असं नाचून कुनी लगीन करतंय व्हय!" कमलबाई म्हणाल्या. "बुजगावनं बरं."

निघताना त्यांनी डोरिसबाईंची ओटी भरली. बाईंना पदर नव्हता, म्हणून नारळ आणि तांदूळ पिशवीत घेतले. जीप वेशीबाहेर गेली. दिनकरराव आत जाऊन ट्रंकेतला पांढरा बूट घेऊन आले आणि ओसरीवर आपटला. अंगठी घरंगळत कमलबाईंच्या पायाशी आली. त्यांनी ती उचलली, चष्म्यातून खडा पाहिला, पदरानं पुसली.

"माझ्या बापानं घातलेली. बुटात ठिवतेत व्हय?"

दिनकररावांनी बोट पुढं केलं. चोवीस वर्षं औताचं रुमणं धरलेलं बोट. अंगठी सांध्यालाच अडली.

"करंगळीत घाला," त्या म्हणाल्या. करंगळीत ती बसली.

कमलबाईंनी फोटो पुसून पुन्हा खिळ्याला अडकवला. मागं सरून सरळ लागला का पाहिलं. जुडी अजून हसतच होती.

"उद्या मी बी येनार जिंतूरला," त्या म्हणाल्या. "टाक घ्यायचा न्हाई. बन्सीधरला म्हनावं, त्या चांदीची जोडवी कर."

"अंबिकाला?" दिनकररावांनी विचारलं.

"मला. माझी झिजलीत."