सोनानी कानबाई

देवळांची लूट हा विषय वर्गात निघाला की मला चेव चढायचा. जळगावच्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो. राजांनी लुटलं, फौजांनी लुटलं, पुढे साहेब आले आणि मूर्ती पेटाऱ्यांत भरून बोटीनं घेऊन गेले. आज त्या परक्या मुलखात काचेमागे उभ्या आहेत आणि कोणी त्यांना साधी हळदसुद्धा लावत नाही, असं मी हातवारे करून सांगायचो. मुलं गपगुमान ऐकायची, कारण मी तापलेला असलो की प्रश्न विचारत नाही. लुटारूला वाट कोण दाखवतं, हे मात्र मी कधी शिकवलं नाही. आमच्या घरची कानबाई चोरीला गेली तेव्हा ते मला कळलं.

आमचं मूळ गाव शिंदखेड्याजवळ. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथं कानबाई, ही आमची खानदेशातली देवी, बसते. भाऊबंदकी भुसावळला, धुळ्याला, सुरतेला पांगलेली, पण त्या दिवशी सगळे गावी येतात आणि एका चुलीवरचे रोट खातात. नारळावर देवीचा मुखवटा चढवतात, तिला साडी नेसवतात, दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन नदीला जातात आणि मुखवटा परत घरी आणतात. हा तळहाताएवढा मुखवटा मोठ्या मायकडे असतो. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. थोरले काका लवकर गेले. तिनं एकटीनं कोरडवाहू शेती केली, दोन मुलींची लग्नं लावली आणि कानबाई सांभाळली. मुखवट्याला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे.

आम्ही बाकीचे लांबून हात जोडायचो आणि म्हणायचो, "आम्हनी सोनानी कानबाई." सोनानी म्हणजे सोन्याची. दुसऱ्यांच्या कानबाया चांदीच्या असतील, नुसत्या नारळाच्या असतील, आमची सोन्याची! सोयरीक जुळवायला बसलं तरी हे वाक्य एकदा निघायचंच.

दोन वर्षांपूर्वी मी तिचा फोटो काढला आणि मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'सात पिढ्यांची सोन्याची कानबाई.' पिढ्या मी मोजल्या नव्हत्या. इतिहासाच्या मास्तरला हे शोभत नाही, पण मोबाइल हातात आला की माझी अक्कल चरायला जाते. तो फोटो कोणी कोणी पुढे पाठवला, आणि प्रत्येक वेळी माझ्या छातीवर मूठभर मांस चढलं.

पुढच्या चैत्रात मोठी माय डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला मुलीकडे गेली. मागे घराचं कुलूप तुटलं. टीव्ही जागच्या जागी, धान्याच्या कोठ्या जागच्या जागी; फक्त देवघराखालचा पत्र्याचा डबा गेला. चोराला नेमकं काय न्यायचं ते ठाऊक होतं. फिर्याद लिहायला घरातला शिकलेला म्हणून मला पुढं केलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सोन्याचा मुखवटा, वडिलोपार्जित.'

आषाढात पोलीस ठाण्यातून फोन आला. दुसऱ्याच एका चोरीत कोणी सापडला होता, त्याच्या पोत्यात एक मुखवटा निघाला होता. मी रजा टाकून गेलो. मुद्देमाल सांभाळणारे हवालदार वयस्कर होते. त्यांनी टेबलावर कोरं फडकं पसरलं आणि त्यावर मुखवटा ठेवला. तेच मोठे डोळे, तीच किंचित वाकडी नथ. आमचीच कानबाई होती. माझ्या तोंडून "माय व" एवढंच निघालं.

"ओळख पटली?" हवालदारांनी विचारलं.

"पटली म्हणजे काय, घरातलं माणूस आहे."

"मग हे बघा." त्यांनी मुखवटा उलटा केला. हनुवटीच्या कडेला चोरानं कानस मारून पाहिली होती. तिथला ओरखडा लाल होता. "तांबं आहे, सर. तुमच्या फिर्यादीत सोनं आहे. म्हणजे एक तर सोन्याचा दुसरा कुठंतरी आहे, नाहीतर हा तुमचा नाही. असं असताना कोर्ट हा ताब्यात देणार नाही. आणि हा आधीपासून तांब्याचाच असेल, तर तसा पुरवणी जबाब द्या. मात्र ज्यानं तो सांभाळला त्यानं सांगितलं पाहिजे."

कानबाईच्या रविवारला जेमतेम तीन आठवडे उरले होते. पण मला कानबाईच्या आधी मोठी माय आठवली.

ठाण्याबाहेर पडताच मी एका चुलतभावाला फोनवर तांब्याचं सांगितलं, आणि मी घरी पोचायच्या आत भाऊबंदकीच्या फोनांनी पेट घेतला होता. चोरानं सोनं वितळवून नकली मुखवटा केला, असं आधी ठरलं. मग कोणीतरी म्हणालं, चोराला एवढा खटाटोप करायची काय गरज? मग दुसरा म्हणाला, इतकी वर्षं मुखवटा होता कोणाकडे? मग तिसरा, दोन पोरींची लग्नं कशी झाली, कोणी विचारलं का? नाव कोणीच घेतलं नाही. मीही घेतलं नाही. पण बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून मी तोच हिशोब मनात मांडत होतो, हे इथं लिहायलाच हवं. लहानपणी माझी आई आजारी असायची तेव्हा जिनं मला ताटातला पहिला घास दिला, तिच्यावर मी संशय घेतला. आज आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. मोठी माय ओसरीवर काळा चष्मा लावून तांदूळ निवडत होती. डॉक्टरांनी मना केलं असणार. मी डोळ्याची चौकशी केली, पावसाची केली, कपाशीची केली. इकडून तिकडून फिरत म्हटलं, "मोठी माय, मुखवटा मिळाला. पण तो तांब्याचा निघाला."

तिनं तांदळातून हात काढला नाही. "मंग? तो तांबानाच शे."

मी तिच्याशेजारी ओसरीवर बसलो.

"दर साल घासाले मी काय मांगस?"

"चिंच," मी म्हणालो.

"सोनाले कोन चिंच लावस रे?"

दर नागपंचमीला मोठी माय चिंच मागायची. त्यासाठी उन्हाळ्यात झाडावरच्या चिंचा मी स्वतः पाडून दिल्या होत्या. चिंचेच्या कोळानं ती दाराआड मुखवटा घासायची, वरून हळदीचा हात फिरवायची, आणि समईपुढं तो असा झळकायचा की आमचे डोळे दिपायचे. तांब्याची भांडी चिंचेनं घासतात हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि तरी त्या चिंचेचा अर्थ एकाही शहाण्याला लागला नव्हता.

"मग तू सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"कोनी इचारंच नही. मन्ही सासूनी सांगेल व्हतं, लोके सोनानी म्हनतस, म्हनू दे. सोनानी ती तुम्हना तोंडमा व्हती. मन्हा हातमा तांबानीच व्हती." मग जरा थांबून म्हणाली, "तांबानी म्हनीसन ती कमी व्हस का?"

मग तिनं मला आबांकडे धाडलं. आबा म्हणजे भाऊबंदकीतले सगळ्यांत वडील, नव्वदीला आलेले, नात्यानं तिचे चुलतदीर. मी चिंचेचं विचारल्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लहानपने मी कानबाईनी चिंच खाई टाकी, त मायनी असी झापड मारी का आज बी गाल आठवस!" म्हणजे मोठी माय या घरात सून म्हणून येण्याच्या कितीतरी आधीपासून कानबाई चिंचेनं घासली जात होती. मी आबांच्या हातात मोबाइल दिला आणि त्यांनी तीच गोष्ट भुसावळला, धुळ्याला, सुरतेला सांगितली. पलीकडून एकेकाची कबुली आली: चिंच तर आमच्याही झाडाची जायची, आमची आईही वाटून द्यायची. संशयाचं कोणी काही बोललं नाही. माफीही कोणी मागितली नाही. आमच्याकडे अशा वेळी सगळ्यांना एकदम पावसाची चिंता लागते.

परतताना एक गोष्ट सारखी मनात येत राहिली. कुठल्या विहिरीत देव सापडला, कुठं नांगराला मूर्ती लागली, अशा कथा गावोगाव आहेत. ते देव कोणीतरी लपवलेले असतात. लूट येणार म्हणून कळलं आणि कुणा बाईनं, कुणा गुरवानं देव उचलून पाण्यात सोडला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी आयुष्यभर मुलांना लुटणाऱ्यांची नावं पाठ करायला लावली. या गप्प राहिलेल्या माणसांचं नावच कुठं नाही, म्हणून त्यांच्यावर एक प्रश्नही काढला नाही. आमच्या घरात गप्प राहणारी एक होती आणि स्टेटस ठेवणारा मी.

मोठी माय माझ्यासोबत ठाण्यात आली आणि तिनं जबाब दिला. माझा पुरवणी जबाब मी लिहिला: मुखवटा पूर्वापार तांब्याचा असून, सोन्याचा असं माझ्याकडून अज्ञानानं लिहिलं गेलं. 'अज्ञानानं' हा शब्द हवालदारांनी सुचवला. मी 'बढाईनं' लिहिणार होतो. त्या भल्या माणसानं कोर्टाच्या कागदांचा पाठपुरावा स्वतः केला, नाहीतर रविवार हुकलाच असता. मुखवटा न्यायला आम्ही दोघं गेलो तेव्हा पाहिलं, मुद्देमालाच्या खोलीत कोयते आणि दारूच्या बाटल्या खालच्या फळीवर होत्या. कानबाई वरच्या फळीवर, नव्या फडक्यात, शेजारी जास्वंदीचं सुकलेलं फूल. मी हवालदारांचे हात धरले. ते म्हणाले, "देव आहे, सर. आधी घ्या, सही नंतर करा." मोठ्या मायनं त्यांना त्यांच्या पोराबाळांसकट आशीर्वाद दिला आणि मलाच भरून आलं.

परत येताना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. मुखवटा तिच्या ओटीत होता. जीपमधली माणसं एकेक करून उतरली, आणि गावाच्या अलीकडे आम्ही दोघंच उरलो. मला राहवेना. मी म्हणालो, "मोठी माय, त्या दिवशी मी आलो तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल वाईट आलं होतं."

"माले माहीत शे," ती म्हणाली.

तिनं ओटीतला मुखवटा सावरला.

"पन तू इचाराले तरी उना. बाकीना घरमा बसीसन बोलनात."

खरं तर मी विचारायला गेलोच नव्हतो, तिला पकडायला गेलो होतो. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी तिनं माझं येणं विचारणं म्हणून पदरात घेतलं, आणि मला तोंड वर करून घरी जाता यावं एवढी जागा करून दिली. मी तिच्या पायांना हात लावला तर तिनं तो झटकला आणि म्हणाली, "उतर आते, घर उनं."