सारंगकाकांच्या खाटेखाली

"माझी फणी! अहो, माझ्या आईनं दिलेली शिसवी फणी कुत्र्याला?"

काकींचा हा आवाज भाट्याच्या पुलावरून खाडी ओलांडून गेला आणि रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एका कंडक्टरने दचकून घंटी मारली, असं मला खात्रीलायक समजलं. मी शेजारी. कुंपणावरून डोकावणं हे माझं कर्तव्यच. बघतो तर मागच्या दारी धुण्याच्या दगडावर सारंगकाका बसलेले, मांडीवर त्यांच्या कुत्र्याची, कप्तानाची मान, हातात ती फणी आणि बाजूला साबणाच्या पाण्याचं टमरेल. फणीत पिसू सापडली की काका ती टमरेलात बुडवायचे आणि जहाज जलसमाधी घेताना करावा तसा सलाम करायचे.

"ओरडतेस कशाला गो? धुवून देतो."

"नको! आता त्यालाच माळा ती. वर गजरा पण आणा!"

काकांचं खरं नाव वसंत, पण ते त्यांच्या पोस्टमनलाही ठाऊक नसावं. जन्मभर मालवाहू जहाजांवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. निवृत्त होऊन घरी आले ते सगळ्या घराला जहाज समजूनच. पडवी म्हणजे डेक, स्वयंपाकघर म्हणजे गॅली, आणि काकी म्हणजे हवामान. पुलाखाली सापडलेल्या तांबड्या गावठी पिल्लाचं नाव त्यांनी कप्तान ठेवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जन्मभर कप्तानाच्या शिव्या खाल्ल्या. आता कप्तान माझ्या खाईल." प्रत्यक्षात कप्तानाने त्यांच्या ताटातला तळलेला बांगडा सोडून काहीच खाल्लं नाही.

त्या पावसाळ्यात घरात पिसवा झाल्या. साध्या नव्हेत. मी एकदा चहाला गेलो आणि परत आलो तो नाचतच. बायकोला वाटलं मला लॉटरी लागली. एरवी काकींनी हसून सोडलं असतं, पण त्यांची एकुलती एक लेक स्वाती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. काकींनी निकाल दिला. "पोटुशी पोर येत्येय. विषारी फवारे घरात मारायचे नाहीत. आणि ती यायच्या आत पिसवा गेल्या नाहीत, तर कप्तान जाईल माझ्या भावाकडे, लांज्याला. काजूच्या बागेत राखणीला."

काका नेहमी म्हणायचे, "जहाजावर असं चालत नाही." त्या दिवशी ते नुसतेच कप्तानाच्या कानामागे खाजवत बसले.

मग लढाई सुरू झाली. कडुनिंबाचा पाला उकळून कप्तानाला आंघोळ झाली. कप्तान असा कडू झाला की चाटून स्वतःच तोंड वाकडं करायचा. करंजाचं तेल चोळून झालं. एके दिवशी काका त्याला भाट्याच्या किनाऱ्यावर नेऊन समुद्रात बुचकळून आले. "खाऱ्या पाण्यापुढे कोण टिकतो?" म्हणाले. पिसवा टिकल्या, माझ्या मते तर पोहायला शिकून आल्या. शेवटी निगडीच्या, म्हणजे निर्गुंडीच्या पाल्याची धुरी. बंदरात जहाजाला देतात तशी, दारं-खिडक्या लावून. धूर कौलांतून असा निघाला की आख्खी वाडी बादल्या घेऊन धावली. घरातून काका बाहेर पडले, काकी पडल्या, मांजर पडलं, दोन पाली पडल्या. पिसवा तेवढ्या आतच राहिल्या.

"जहाज सोडलं माणसांनी," काकी खोकत म्हणाल्या, "आणि उंदीर बसले गादीवर."

स्वाती यायला तीन-चार आठवडे उरले. लांज्याहून भाऊ टेम्पो घेऊन येणार, हेही ठरलं. तेव्हा स्वातीनेच फोनवरून सांगितलं, "बाबा, प्रत्येक खोलीत एकेक ताटली ठेवा. साबणाचं पाणी घाला, वर छोटा दिवा लावून ठेवा. उजेडाला पिसवा उडी मारतात नि बुडतात. कुठे जास्त आहेत ते तरी कळेल."

"सारंगाला शिकवत्येय," काका पुटपुटले. पण ताटल्या मांडल्या.

सकाळी काकींनी पाहणी केली. मी अर्थातच कुंपणावर. कप्तान झोपायचा ती पडवीची ताटली: दोन-चार. स्वयंपाकघर: एखाददुसरी. आणि काकांच्या खाटेजवळची ताटली? काळी! "मोहरी सांडल्येय की काय!" काकी किंचाळल्या. त्या मोहरीत रत्नागिरी शहराच्या आमटीला फोडणी बसली असती.

काकींनी वाकून खाटेखाली हात घातला आणि ओढतच राहिल्या. पेंढा! आंब्यांची अढी घातली होती तो वैशाखातला पेंढा. आंबे कधीच मुंबईला गेले, पेंढा काकांनी खाली दडपून ठेवला होता.

"अगो, पुढच्या वर्षी लागेल!"

"पुढच्या वर्षी? आणि हा खळगा कसला पडलाय मध्ये?"

पेंढ्याच्या बरोबर मधे एक गोल, मऊ, तांबड्या केसांचा खळगा होता. दुपारी काकी डुलकी काढायच्या, तेव्हा मागच्या दाराने कोण आत यायचं, ते सगळ्यांना कळलं. कप्तानाने शहाण्यासारखी मान फिरवली. काकांनीही त्याच बाजूला फिरवली.

"कुत्र्याला कशाला," काकी म्हणाल्या, "तुम्हालाच बसवते टेम्पोत!"

पेंढा परसात जाळला. चादरी चुलीवरच्या हंड्यात उकळल्या. भाद्रपदातलं ऊन म्हणजे माणसाचा पापड करणारं. त्यात गादी वाळत पडली. जमिनीच्या भेगा झाडून काढल्या, आणि हे सगळं दर शनिवारी पुन्हा, कारण काकी म्हणायच्या, "अंडी घालून ठेवतात मेल्या. एकदा मारून भागत नाही." रोज संध्याकाळी फणी. ती तोवर कायमची कप्तानाची झाली होती.

स्वाती आणि टेम्पो एकाच दिवशी आले. स्वाती खाटेवर बसली. आम्ही सगळे तिच्या पायांकडे बघत होतो, पाऊल न हलवता. काकांनी तर श्वासच धरला होता. तिने चहा संपवला, एकदाही पाय खाजवला नाही, आणि म्हणाली, "असे काय बघताय? सुजलेत का?"

काकी भावाकडे वळल्या. "कुत्रा राहू दे. नारळ ने दोन पोती."

त्यानंतर काका पिसवांचे तज्ज्ञ झाले. कुणाच्या मांजराला खाज सुटली की हजर. "त्या जनावराला नंतर धुवा. आधी आपल्या खाटेखाली बघा. जहाजावर असं चालत नाही." शोध काकींचा होता, याची आठवण काकी सोडून कुणी त्यांना दिली नाही.

गेल्या माघात काका गेले. झोपेतच, कुणाला हाक न मारता. एवढा गडबड्या माणूस असा गपचूप जाईल, यावर माझा अजून विश्वास नाही. परवा शनिवारी कुंपणावरून बघतो तर काकी त्यांची गादी ओढत उन्हात आणत होत्या. मी धावत जाऊन दुसरं टोक धरलं.

"काकी, कशाला एवढे श्रम? आता या खाटेवर झोपतं कोण?"

काकींनी गादी उलटी केली, हाताने झटकली आणि म्हणाल्या, "कप्तान."