बेलेनच्या बोटाचं रक्त

दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मी साखरेच्या आजाराचा वर्ग घेते. नियम एकच, रोग्यानं घरचं एक माणूस सोबत आणायचं. आमच्याकडे एकट्यानं पथ्य होत नाही, कारण चूल दुसऱ्याच्या हातात असते. तरी पहिल्या दिवशी कुणीतरी टोपलीभर गोड पाव घेऊन आलंच होतं.

बेलेन लोंगोरिया अशीच सोबत आलेली. वय अठ्ठावन्न, अंगानं बुटकी, तोंडानं फटकळ. एकोणिसाव्या वर्षी सरहद्दीच्या नदीपलीकडून टेक्सासमध्ये आली, मकारिओशी लग्न केलं, चार पोरं वाढवली आणि एकतीस हंगाम वखारीत संत्री निवडली. सगळ्यांना गरम तोर्तिया, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्या, वाढून झाल्या की तव्याशी उभ्यानंच उरलंसुरलं खायची आणि वर कपभर गोड कॉफी प्यायची. हे तिनंच मला हसत सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

रोगी मकारिओ, पण वर्गात उत्तरं बेलेनचीच.

"काल किती तोर्तिया खाल्ल्या?" मी त्याला विचारलं.

"दोनच."

"दोनच, पण केवढ्या ते विचारा, बाई! परातीएवढ्या लाटायला लावल्या यानं. म्हणतो, बाईंनी आकडा सांगितलाय, आकार नाही."

हॉल खो खो हसला. मकारिओही हसला.

त्याला खरी धास्ती इन्सुलिनची. त्याच्या आईला सुई सुरू झाली आणि त्याच वर्षी तिची दृष्टी गेली. वीस वर्षांच्या साखरेनं तिचे डोळे आधीच पोखरले होते, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण हे मी कितीही घसा कोरडा करून सांगितलं तरी आमच्या वस्तीला पटत नाही. सुई म्हणजे आंधळेपण, हे इथे पक्कं ठरलेलं आहे. डॉक्टरांनी मकारिओला दोन आठवड्यांची मुदत दिली होती. रोज सकाळी घरी बोट टोचून यंत्रावर साखर मोजायची, उतरली तर गोळ्यांवर भागवू, नाहीतर सुई.

मुदत संपली त्या मंगळवारी दवाखान्यातली नर्स इमेल्दा वर्गात आली. वहीत काहीही लिहिता येतं, यंत्रातले आकडे मात्र बदलत नाहीत. तिनं बटण दाबून ते वाचले. दोनशे सेहेचाळीस. दोनशे एकसष्ट. दोनशे अठ्ठावन्न. असावेत एकशे तीसच्या आत.

"आता सुई लागणार, मकारिओ," ती म्हणाली.

तो ताडकन उठला. "छे! ते माझं रक्तच नाही. हिचं आहे!"

मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो मटकन खाली बसला. त्यानं बायकोला गळ घातली होती, तुझं रक्त चांगलं आहे, तूच टोच. आणि चौदा सकाळी तिनं स्वतःचं बोट टोचलं होतं.

"म्हातारे, तू तर म्हणत होतीस आकडे छान येतायत."

"छानच आहेत. तुला सुई लागण्यापुरते."

"तुम्हाला कधी कळलं, बेलेन?" मी विचारलं.

"पहिल्याच सकाळी. आकडे वाचायला तुम्हीच शिकवलंत ना, बाई? याची साखर माझ्याहून वर असणार, हेही कळलं. म्हटलं, माझ्या आकड्यांनी का होईना, आधी याची सुई सुरू होऊ दे. माझं मग बघू."

मला स्वतःचाच राग आला. सहा आठवडे ती माझ्यासमोर बाटल्यांवर बाटल्या पाणी पीत होती आणि मी तिच्या बोटाचं रक्त एकदाही तपासलं नव्हतं. ती नुसती सोबत आली होती ना!

इमेल्दानं तिथेच दोघांना तपासलं. त्याची तीनशे दहा, तिची दोनशे चौसष्ट. सकाळी दोघंही दवाखान्यात या, म्हणाली.

सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी दोघांनाही इन्सुलिन लिहून दिलं. मकारिओचा चेहरा उतरला, पण भीती आता वेगळीच होती.

"हिला नको. आधी मला द्या. महिनाभर माझे डोळे टिकले, तर मग हिला."

"महिनाभर थांबता येणार नाही," इमेल्दा म्हणाली.

"मग निदान आज तरी आधी मला."

त्यानं स्वतःच सदरा वर केला. सुईकडे पाहिलं नाही. डोळे सताड उघडे ठेवून तो बेलेनकडे बघत राहिला, ते पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. इमेल्दानं सुई काढली तरी त्याची पापणी लवली नव्हती.

"दिसतेय का मी, म्हाताऱ्या?" बेलेननं विचारलं.

"दिसतेस," तो म्हणाला. "चल, आता तू."