कामगार की सुपरवायझर

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. तेलाचे नमुने तपासायचे, हेच काम. आमच्याकडे युनियन निघाली तेव्हा मी उघडपणे सभासद झाले. त्यानंतर लगेच मला सुपरवायझर केल्याचं पत्र मिळालं. काम तेच, टेबलही तेच. मी पेढेसुद्धा वाटले. पाऊस सुरू व्हायच्या आत मला कामावरून काढून टाकलं.

कामगार न्यायालयात कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला सांगितलं, की या बाई सुपरवायझर आहेत, कामगार नाहीत. म्हणून या न्यायालयाला हे प्रकरण ऐकायचा अधिकारच नाही. मला काढलं ते बरोबर की चूक, हा विषय बाजूलाच राहिला. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, हे सांगणारा साक्षीदार हवा होता, आणि तो आत नोकरीत असलेलाच हवा होता.

अशी एकच होती. माझ्याच टेबलावर काम करणारी, उदगीरची मैत्रीण. तीही युनियनची सभासद होती, पण वर्गणी गुपचूप द्यायची. नवरा घरी बसलेला, सगळा भार तिच्या पगारावर. मी तिला गळ घातली नाही, घालवेना. फक्त तारीख सांगितली.

ती आली. कंपनीचे मॅनेजर मागच्या बाकावर बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"यांच्या हाताखाली कोण होतं?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"कोणीच न्हाई. आम्ही दोघी सारख्याच. रजा मागायला हिलाबी वरच्या साहेबाकडंच जावं लागायचं."

मग कंपनीचे वकील उठले. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः युनियनच्या सभासद आहात का?"

आमच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी थोडा विचार केला आणि तिला उत्तर द्यायला सांगितलं. तिने नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"हाव," ती म्हणाली. "सभासद हाय. पण म्हणून खोटं बोलत न्हाई मी."

मागे मॅनेजर उठून बाहेर गेल्याचा आवाज आला.

पुढच्याच महिन्यात तिची बदली दूर तेलंगणाच्या सीमेवर, कंपनीच्या धर्माबादच्या डेपोत झाली. तिथे तिने एकटीनं खोली घेतली. तिची मुलगी उदगीरला, आजीपाशी राहिली. युनियनने त्या बदलीविरुद्धही दावा लावला. मी तिला फोन करायचे. तीच मला सुनावणीचं विचारायची.

बऱ्याच तारखांनंतर न्यायालयाने सांगितलं, की नाव काहीही दिलं तरी काम कामगाराचंच होतं; प्रकरण इथेच चालेल. मी न्यायालयाच्या आवारातूनच तिला फोन लावला. ती कामावर होती. जेवणाच्या सुट्टीत तिचा उलट फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुला कामावर घेतलं?"

"नाही. मला काढलं ते बरोबर की चूक, तो खटला आता सुरू होईल."

मग ती म्हणाली, "पुढची तारीख कधीची हाय ते सांग. रजा टाकावी लागंल."

मी तारीख सांगितली.